ठिबक्याच्या अंगावरची रेघ

संक्रांत झाली की आमच्या शेजारच्या गुणाबाईच्या घरून तुरीची एक डाल चिमूरला जायची. डाल म्हणजे बांबूची, शेणानं लिंपलेली मोठी टोपली. तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं शिवलेलं. बैलबंडीनं गडचांदूरपर्यंत, तिथून एसटीच्या टपावर चंद्रपूर आणि मग पुढे. चिमूरला तिची धाकटी जाऊ राहायची, कलाबाई. ज्या साली स्वतःच्या वावरात तूर आली नाही, त्या साली गुणाबाईनं बाजारातून आणून डाल भरली.

लटारूभाऊ, तिचा नवरा, ओसरीवर बसून दरवर्षी तेच म्हणायचा, "अवं, तिचं माहेर तूर पिकवते, माहा भाऊ तूर पिकवते. तूर पिकवनाऱ्याले तूर धाडनारी तूच एक."

"तुमी फडकं धरा," एवढंच म्हणून ती सुई चालवायची.

मी राजुऱ्याची. कॉलेज संपवून या गावात सून म्हणून आले, आणि पहिल्याच महिन्यात गुणाबाईनं मला दह्याचं विरजण दिलं, तेव्हापासून ती माझी मोठीमाय. उंच, काटक बाई. डोक्यावर भरलेला गुंड, म्हणजे पाण्याची घागर, असला तरी हात न लावता चालायची. हसायची ती तोंडावर तळवा ठेवून, आणि कोंबड्यांशी मात्र माणसांपेक्षा जास्त बोलायची. जावेवर हिची फार माया असावी, असं मला आधी वाटलं. पण लग्नकार्याला कलाबाई आली की गुणाबाई तिला पहिलं पान वाढायची, चांगलं लुगडं नेसवायची, आणि तिच्यासमोर कधी बसायची नाही. जरा तिरकी, भिंतीकडे तोंड करून बसायची. भांडण म्हणावं तर नाही, अबोला म्हणावा तर तोही नाही. आणखी एक. चार माणसं बसून पाऊसपाण्याच्या, जुन्या दुष्काळाच्या गोष्टी निघाल्या की हिला कोंबड्या आठवायच्या. भरदुपारीसुद्धा. "कोंबड्या कोंडाच्या रायल्या," म्हणून उठून जायची. मला काही उमगायचं नाही.

आमचं गाव चुनखडीच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगरात वर एक गुंफा आहे. तिच्या छतातून पाण्याचा थेंब पडतो, आणि जिथे पडतो तिथे खालून एक दगड वर आलेला आहे, कमरेइतका. तोच आमचा ठिबक्या. त्याला शेंदूर नाही, देऊळ नाही. थेंबानं दगड वाढतो हे मला आधी पटलं नव्हतं. पण आमच्या अंघोळीच्या बंबाला आतून पांढरा थर बसतो आणि दर दिवाळीला तो मी उलथण्यानं खरवडते, तेव्हा म्हटलं, असेलही.

मृग कोरडा गेला आणि आर्द्राही कोरडी निघाली, की ठिबक्याला न्हाऊ घालायचं, अशी गावाची रीत. हा मान गुणाबाईच्या सासरघराचा, आणि त्यातही घरच्या मोठ्या सुनेचा. तिनं उपाशीपोटी, कुणाशी न बोलता, नाल्यातल्या डोहाचं पाणी गुंडात भरून एकटीनं वर जायचं. गाव खाली मोहाच्या झाडाखाली थांबणार. त्या दिवशी दुसऱ्या कुणी वर जायचं नाही, बघायचं नाही. बाई खाली आली आणि तिच्या डोक्यावर गुंड पालथा दिसला, की अंघोळ झाली.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात ठिबक्याचा वरचा वीतभर भाग तडकून खाली पडला. खंडित देव पूजेत ठेवत नाहीत, तो तुकडा पैनगंगेत सोडायचा असं ठरलं. तेवढ्यात गडचांदूरचे बांगडीवाले वहाबभाई आपल्या मुलीला घेऊन आले. शिरीन तिचं नाव. नागपूरला राहून गुंफांमधल्या दगडांवर अभ्यास करत होती. वहाबभाईंनी आमच्या गावातल्या तीन पिढ्यांच्या हातात बांगड्या भरलेल्या, म्हणून त्यांना कुणी परकं म्हणत नव्हतं. तरी एक म्हातारा बोललाच, "देव कापनार का मंग तुमची पोरगी?"

"देव कुठी कापून राह्यली भाऊ," वहाबभाई म्हणाले. "देव तं वर बसलेला हाय. हा त्याचा उतरलेला टोप. नदीत टाकाच्या आधी पोरीले पाहू द्या. तुकडा न् तुकडा वापस करन."

सगळे राजी झाले. एकटी गुणाबाई मागून म्हणाली, "नोको देऊ." तिचं कुणी ऐकलं नाही. मग ती शिरीनजवळ आली. "यातून काय दिसते व पोरी?"

"मावशी, कोणत्या साली किती पाणी पडलं, ते सगळं या दगडात भरून असतं."

"समदं?"

"समदं."

गुणाबाई कोंबड्यांकडे गेली.

त्यानंतर दोन वर्षं गेली. दोन हजार दोनचा तो जुलै कोरडाच निघाला होता. मृग गेला, आर्द्रा गेली, कपाशी दोन पानांवर येऊन थांबली, आणि अशात शिरीन दगड परत घेऊन आली. गुंफेतल्या थेंबाखाली बाटली लावून थेंब मोजायचे होते म्हणून आठवडाभर आमच्याकडेच राहिली. आमच्या ओसरीवर तिनं तो तुकडा ठेवला. मधोमध कापून गुळगुळीत केलेला. चिरलेल्या कांद्यासारखे आत थरावर थर. लटारूभाऊ बघायला आला होता, आणि गुणाबाई सुपात तांदूळ घेऊन खांबाशी निवडत बसली होती.

"चांगल्या सालात थेंब चालू राहतो, पांढरा थर बसतो," शिरीन म्हणाली. "दुष्काळ पडला की थेंब आटतो. मग दगडाच्या डोक्यावर धूळ बसते, वटवाघळांची घाण बसते. पुढे पाणी आलं की त्याच्यावर पांढरा थर चढतो आणि ती घाण आत अडकून राहते. ही बघा, काळी रेघ. रेघ म्हणजे दुष्काळ."

खालच्या भागात रेघाच रेघा होत्या. वरचा भाग मात्र दुधासारखा.

"हेच तर समजत नाही ना वहिनी," ती मला म्हणाली. "वरच्या भागात सव्वाशेक वर्षं आहेत आणि रेघ फक्त एक. माझे सर मला हसतात. म्हणतात, तुझ्या जिल्ह्यात सव्वाशे वर्षं दुष्काळच पडला नाही का? दोनदा तपासलं. माझं तर दिमागच चालेना."

"यकच?" लटारूभाऊ म्हणाला. "मीच पाच पाह्यले." आणि बोटं दुमडून मोजायला लागला. ज्या साली विहीर खचली ते एक, पळसाचा पाला ढोरांना घातला ते एक, आणि तिसऱ्यावर अडकला, कारण तिसरं साल विहिरीच्या आधीचं की नंतरचं, हे त्यालाच ठरवता येईना.

"ते यक रेघ," खांबाशी बसलेली गुणाबाई म्हणाली, "कोनत्या सालची हाय?"

"वीस-पंचवीस वर्षं झाली असतील मावशी. दोन-चार वर्षं इकडेतिकडे."

सुपातले तांदूळ ओसरीभर झाले. "कोंबड्या..." एवढंच म्हणून ती गेली. भरदुपार होती. कोंबड्या अंगणातच फिरत होत्या, तिच्या पायातून बाजूला झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात मुगाच्या वड्या घालत होते. ती येऊन बसली. माझ्या हातातलं पीठ काढून घेतलं आणि स्वतःच वड्या घालायला लागली. पाचसहा घातल्यावर, वड्यांकडेच बघत बोलली.

सासू वारली आणि मोठ्या सुनेचा मान हिच्याकडे आला, त्याच साली मृग कोरडा गेला होता. तिचा मुलगा निकेश तेव्हा पोटात होता, सातवा लागलेला. गुंड घेऊन वर निघाली. अर्ध्या चढावर पुढ्यात अस्वल. ही दगडाआड बसून राहिली. अस्वल गेलं, पण घाईनं उठताना गुंड कलंडला, पाणी गेलं. खाली अख्खं गाव वाट बघत होतं.

"गुंड पालथा घातला अन् उतरली. म्हटलं, उद्या चुपचाप जाऊन येईन. लोकाईनं इचारलं, झालं? मी म्हटलं, झालं. उद्या काई गेली नाई व. हिंमतच होये ना. अन् मंग पानीच आलं नाई. कलाबाईचे बैल मेले. दिराचं डोस्कं फिरलं, बायको-लेकरू घेऊन चिमूरले गेला तो गेलाच."

आता मला डाल कळली.

"ते पोट्टी काय म्हनते, आयकलं ना तू? सव्वाशे साल या घरच्या समद्या सुनाईनं देवाले न्हाऊ घातलं. समद्याईच्या साली पानी पडलं. यकच डाग, अन् तो माहा."

"पण मोठीमाय, लटारूभाऊ पाच दुष्काळ म्हणाले ना? त्यातल्या बाकीच्या सालांत तर तुम्ही न्हाऊ घातलं होतं. मग तेव्हा?"

"ते माणसाचं डोस्कं हाय. इकडचं तिकडं होते. दगड कायले खोटं बोलन?"

माझ्याही डोक्यात गुंता झाला होता. माणसं पाच म्हणत होती, दगड एक. खरं बोलायचं तर त्या घटकेला मलाही वाटून गेलं की हिचंच बरोबर असेल. काही तरी विचारायचं म्हणून विचारलं, "न्हाऊ घालता म्हणजे पाणी ओतता ना नुसतं?"

"नुसतं काऊन? नारळाच्या शेंडीनं घासतो चांगलं. वर्साची घान रायते ना त्याच्या डोस्क्यावर."

मला बंब आठवला, उलथणं आठवलं. पण नीट धागा लागत नव्हता. मी म्हटलं, "हे शिरीनला सांगू?"

तिनं आणखी एक वडी घातली. "तिले सांग. गावाले नोको."

शिरीननं गुणाबाईसमोरच सगळं ऐकलं आणि तिला पहिला प्रश्न अस्वलाबद्दल नाही, गावाबद्दल नाही, तर हा विचारला, "घासता?"

"हाव."

"शेंडीनं?"

"मंग काय साबन लावू?"

शिरीन ओट्यावर बसली ती कपाळाला हात लावून. हसते आहे की रडते आहे, कळेना. "मावशी, दोन वर्षं मी झोपले नाही हो. दुष्काळ पडला की थेंब आटतो, धूळ बसते. आणि तुम्ही त्याच वेळी वर जाता आणि घासून काढता. म्हणजे दुष्काळच पुसून येता! खाली रेघा आहेत, कारण तेव्हा तुमच्या घरची ही रीतच नसेल. वर नाहीत, कारण तुमच्या सासवांनी, आजेसासवांनी एकेक साल धुऊन टाकलं. दुष्काळ पडले, पण दगडाला दिसू दिले नाहीत. एकच साल खरं उतरलं. तुम्ही गेल्या नाहीत ते."

मला वाटलं, आता ही मोकळी होईल. गुणाबाईच्या कपाळावरची आठी मात्र आणखीच दाट झाली.

"म्हंजे मी पाप नाई केलं?"

"पापाचं मला नाही सांगता येत मावशी. रेघ कशी पडली तेवढं मी सांगते. पाऊस का नाही पडला, ते रेघ सांगत नाही."

"अन् बाकीच्या चार साली न्हाऊ घातलं, तरी पानी नवतं आलं?"

"भाऊ तर तसंच म्हणतात."

"म्हंजे माह्यानं दुष्काळ पडला नाई, अन् माह्यानं पाऊस बी कवा पडला नाई." ती आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघायला लागली. "मंग एवढा डोंगर मी कायले चढत रायली व?"

मी चहा ठेवला.

दोन दिवसांनी गावानं ठरवलं, ठिबक्याला न्हाऊ घालायचं. शिरीन हळूच गुणाबाईला म्हणाली, "मावशी, जमलं तर यंदा घासू नका. तडकल्यावर त्याचं डोकं नवं झालं आहे. हे एक साल नीट उतरलं तर पुढच्या माणसाला खरं वाचता येईल." म्हणाली आणि स्वतःच ओशाळली. "पण गावाचं पाणी अडकलं आहे. मी कोण सांगणारी."

"यक इकडून म्हनते जाय, यक तिकडून म्हनते नोको," गुणाबाई म्हणाली. "मले तं वाट्टे, त्या अस्वलालेच इचाराव."

मोहाच्या झाडाखाली आम्ही सगळे थांबलो होतो. गुणाबाई न बोलता, न बघता वर गेली. साठीला आलेली बाई, पण गुंडाला हात नाही. बऱ्याच वेळानं झाडोऱ्यातून पालथा गुंड दिसला.

"झालं?" कुणीतरी विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

हाच शब्द तिनं तेव्हाही म्हटला होता. मी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. वाचण्यासारखं काही सापडलं नाही. दिवसभर स्वयंपाकात माझं लक्ष नव्हतं. ही वर गेली होती का? गेली तर घासलं का? नसेल घासलं आणि पाणी नाहीच आलं, तर ही पुन्हा वीस वर्षं भिंतीकडे तोंड करून बसेल का?

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरीन आपली बाटली बघायला गुंफेत गेली. परत आली ती चप्पल न काढताच गुणाबाईच्या ओसरीवर. मीही मागोमाग.

"मावशी, अर्धाच?"

गुणाबाई कोंबड्यांना कण्या टाकत होती. "हाव."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"वहिनी, देवाचं अर्धं डोकं असं चकचकीत आहे, आणि अर्ध्यावर धूळ तशीच्या तशी. मधे सरळ रेघ, भांग पाडल्यासारखी!"

"अर्धं त्याचं, अर्धं तुहं," गुणाबाई म्हणाली. "मले काई समजून नाई राह्यलं, तं मी काय करू? कोनालेच नाराज नाई केलं."

"मावशी, याचं मी सरांना काय सांगू?"

"सांग, बाई म्हातारी होती. हात पुरला नाई."

आणि तोंडावर तळवा ठेवून ती हसली. पाऊस ऑगस्टात आला, तोही उशिरा आणि थोडा. कोणत्या अर्ध्यामुळे आला, हे विचारायची सोय नव्हती.

कापलेला तुकडा नदीत सोडायचा राहिला होता. गुणाबाईनं तो संक्रांतीपर्यंत मागून घेतला आणि तुरीच्या रिकाम्या डालीत ठेवला. चिमूरला निरोप धाडला, यंदा डाल येणार नाही, तू येऊन घेऊन जा.

कलाबाई आली. ठेंगणी, गोल, बोलायला सुटली की थांबत नाही अशी. जेवणं झाल्यावर गुणाबाईनं मला हाक मारली. एकटीनं सांगायची हिंमत होत नसावी. तुकडा पुढे ठेवला, रेघ दाखवली, आणि अस्वलापासून पालथ्या गुंडापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

कलाबाई ऐकत होती. मग म्हणाली, "कोनतं साल म्हनतं?"

"निकेश पोटात होता ते. तुमी गेले ते."

"अवं बाई, आमी तं त्याच्या आंधीच गेलतो! निकेशच्या बारशाले मी चिमूरहून आली. लाल टोपरं आनलं होतं."

"टोपरं तू इथीच शिवलं. माह्या सुईनं."

"तुह्या सुईले नाक तरी होतं का? चिमूरले शिवलं."

"अन् बैल?"

"बैल घटसर्पानं मेले. ऐन पावसाळ्यात. चिखलातून ओढून नेता नेता तुह्या दिराची कंबर गेली."

"चिखल?" गुणाबाई म्हणाली. "त्या साली चिखल कुठी होता?"

"त्या साली नसन. आमच्या साली होता."

"मंग गेले काऊन तुमी?"

"सासूबाई गेल्यावर मन लागे ना इथी. अन् माह्या भावानं वावर कराले देल्लं. तुले काय वाटलं, तू धाडलं आमाले? मोठी आली धाडनारी!"

"पन सासूबाई गेल्या त्याच साली तं मी—"

"नाई व. सासूबाई त्याच्या आंधीच्या साली."

लटारूभाऊला बोलावलं. त्यानं दोघींचं ऐकून घेतलं, बोटांवर मोजलं आणि सांगितलं की दोघीही चुकता आहेत, टोपरं निळं होतं. मग तिघांचंच जुंपलं. विहीर, टोपरं, सासूचं तेरावं, सगळं वरखाली झालं. शिरीनची रेघ दोन-चार वर्षं इकडेतिकडे सरकत होती, आणि यांची सालंही तितकीच. मी तुकड्याकडे बघत राहिले. कुणाचं खरं, मला आजही सांगता यायचं नाही. एवढं मात्र दिसलं की भांडता भांडता गुणाबाई कलाबाईच्या अगदी समोर, मांडीला मांडी लावून बसली होती, आणि तिच्या तोंडावर बोट रोखून बोलत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पैनगंगेवर गेलो. सोडण्याआधी कलाबाईनं तुकडा हातात घेतला, पाण्यात बुडवला आणि अंगठ्यानं रेघ घासून पाहिली. "हे निघत काऊन नाई व?"

"आतून हाय ते," गुणाबाई म्हणाली. दोघींनी मिळून तो पाण्यात सोडला.

जाताना कलाबाईनं तुरीची डाल स्वतः एसटीवर चढवून घेतली. खिडकीतून ओरडून म्हणाली, "चूक तुही असो का नसो, तुरी बंद करू नोको!"

पुढच्या संक्रांतीला गुणाबाई पुन्हा फडकं शिवत बसली होती. लटारूभाऊनं आपलं वाक्य म्हणून घेतलं. मी फडक्याचं टोक धरलं आणि विचारलं, "मोठीमाय, आता कशासाठी?"

तिनं दातांनी दोरा तोडला. "कोन जाने व बाई. पन भरली की बरं वाट्टे."